हळदीच्या वाफेवर मुरवलेले केस

माझ्या लग्नाच्या अल्बममधल्या एकाही फोटोत माझे केस दिसत नाहीत.

फोटो पुष्कळ आहेत. हळदीचे आहेत, अक्षतांचे आहेत, घास भरवतानाचे आहेत, आणि फोटोवाल्याने मला बळेच पेरूच्या झाडाला टेकवून काढलेला एक आहे. सगळ्यांत डोक्यावर पदर, कपाळापर्यंत ओढलेला आणि पिनांनी ठोकून बसवलेला. सेनगावकडचे माझे सासरचे लोक हा अल्बम आल्यागेल्याला मोठ्या कौतुकाने दाखवतात. आजकालच्या पोरी पदर घेतात का, आमची सून बघा, असं म्हणतात. मी चहाचा ट्रे घेऊन येते, मान खाली घालते आणि काही बोलत नाही. कारण खरं सांगायचं तर थेट हळदीच्या वावरापासून सुरुवात करावी लागते, आणि तोवर चहा गार होतो.

आधी केसांबद्दल. माझे केस पावसाळ्यात आणि थंडीत चारचौघांसारखे वागतात. होळी झाली की मात्र ते माझे राहत नाहीत. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो, हे ज्याने हट्ट्याच्या फाट्यावर भर दुपारी एसटीची वाट पाहिली आहे त्याला सांगायला नको. त्या उन्हात माझा एकेक केस शेजारच्या केसाशी भांडण झाल्यासारखा वेगळा उभा राहतो. शाळेत बाई मला शेवटच्या बाकावर बसवायच्या, कारण पुढे बसले तर मागच्या मुलींना फळा दिसायचा नाही. (मी वर्गात सगळ्यांत बुटकी होते!)

उपाय करायचे मी सोडले नाहीत. खोबरेल झालं, एरंडेल झालं, कोरफड झाली. एकदा भेंडी उकळून तिचा चिकट रस लावला, तर त्या दिवशीची भाजी गेली म्हणून मायने माझ्याशी बोलणं टाकलं. दही लावलं तेव्हा मांजर दिवसभर माझ्या मागे मागे फिरलं. तेल भरपूर लावलं की केस बसायचे खरे, पण मग त्यांच्यावर रस्त्यावरची धूळ येऊन बसायची, आणि संध्याकाळपर्यंत डोक्यावर मेथी पेरता येईल इतकी माती जमायची.

अशा डोक्याने मी पाहुण्यांसमोर पोहे घेऊन गेले. मुलगा चांगला होता. त्याची मला भीती नव्हती, कारण त्याचे स्वतःचे केस तेव्हाच निरोपाच्या तयारीत होते. भीती होती ती त्याच्या आत्याबाईंची. मुलाची आई लवकर गेलेली, त्याला लहानाचा मोठा त्यांनीच केलेला, त्यामुळे त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. डोक्यावर घट्ट पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि रीतीत तसूभर इकडेतिकडे चालायचं नाही, असं मध्यस्थाने आधीच बजावून ठेवलं होतं. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही की स्वयंपाक विचारला नाही. बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "केस असेच असत्यात, का आज वाऱ्यानं झाले?"

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले, "वाऱ्यानं. आज लई वारं हाय."

आबा म्हणजे माझे वडील. जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस. मोंढ्यावर हळद विकायला नेली की तिच्यातली खोट गिऱ्हाइकाच्या आधी हेच सांगणार! आत्याबाईंनी दाराबाहेरच्या कडुलिंबाकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं. मग त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पोहे संपवले आणि पोरगी पसंत असल्याचं सांगितलं.

सगळे आनंदले, एक मी सोडून. आबांनी माझ्या केसांसाठी आपला शब्द पणाला लावला होता. लग्नाच्या मांडवात केस तसेच उभे दिसले तर आबा खोटे पडणार, आणि तेही माझ्या सासरच्या सगळ्यांत कडक माणसासमोर. त्या घरात मला जन्म काढायचा होता, पण त्याहून आबांची मान खाली जाईल, याचंच मला जास्त लागून राहिलं.

लग्न एप्रिलातलं. आमचं घर गावाबाहेर आखाड्यावर, म्हणजे शेतातच, आणि हळद लागायच्या दिवशी सकाळी एकीकडे घर पाहुण्यांनी भरलेलं तर दुसरीकडे वावरात काढलेल्या हळदीची शेवटची शिजवणी चाललेली. लग्नघरात शिजवणी कोण ठेवतं, असं माय आठवडाभर म्हणत होती, पण कुकरवाल्याकडे आमची पाळी नेमकी त्याच दिवशी आली. (हा कुकर ओट्यावरचा नव्हे. ट्रॅक्टरने ओढत आणतात तो, मोठमोठ्या ड्रमांचा, खाली जाळ आणि आत वाफ.)

माझी मावसबहीण शीतल तेव्हा हिंगोलीला पार्लरचा कोर्स करत होती. तिने माझे केस चिमटीत धरले, डॉक्टरांसारखा चेहरा केला आणि निदान सांगितलं. या केसांत पाणीच राहिलेलं नाही. वरवर तेल लावून भागायचं नाही, ते आत मुरलं पाहिजे, आणि मुरायचं तर वाफ पाहिजे. दही, केळं आणि खोबरेल एकत्र करून डोक्यावर थापायचं, वर गरम टॉवेल गुंडाळायचा आणि वाफेपाशी बसायचं. पार्लरमध्ये त्याचं मशीन असतं म्हणे.

आमच्याकडे मशीन नव्हतं. पातेल्यात पाणी उकळून त्यावर डोकं धरलं, तर माझ्या केसांनी ती सगळी वाफ गिळून टाकली आणि जागचे हलले नाहीत. वाफ कमी पडून राहिली, असं शीतल म्हणाली. मग आम्ही दोघींनी एकदमच दाराबाहेर पाहिलं. वावरात ड्रमांमधून पांढऱ्या वाफेचे लोट आभाळाला लागले होते!

आबांना विचारलं तर ते खूशच झाले. आमच्या घरात हळद हे सगळ्याचं औषध. बोट कापलं, हळद. खोकला झाला, हळद. बैलाचा खांदा सुजला, हळद. केसांचं तेवढं करायचं राहून गेलं होतं. त्यांनी स्वतः बाज आणून ड्रमापाशी टाकली आणि मी डोक्यावर दही-केळ्याचा लगदा थापून तिच्यावर बसले. गरम टॉवेल पाहिजे म्हटल्यावर आबांनी खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं, ड्रमाखालून गळणाऱ्या कढत पाण्यात काठीने बुडवलं, सोसवेल इतकं निवल्यावर पिळलं आणि माझ्या डोक्याला गुंडाळलं. ते गार झालं की पुन्हा बुडवायचे. हळद शिजवणाऱ्या माणसाला कच्चं चालत नाही. शीतल पुरे म्हणत होती आणि आबा आणखी एक वाफ येऊ दे म्हणत होते. हळद शिजली का हे ते गड्ड्यात काडी टोचून बघतात. सवयीने माझ्या डोक्यात टोचली नाही, हे नशीब.

ते पाणी कसलं आहे, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. जन्मभर पिवळ्यात वावरलेल्या माणसाला पिवळं दिसेनासं होतं.

उपरणं सोडलं, डोकं धुतलं, आणि केस खरोखर मऊ झाले होते! पाठीवर पडून राहत होते. इतक्या वर्षांत प्रथमच ते खाली बघत होते. मी हरखून घरात धावले. माय पाहुण्यांना चहा ओतत होती. तिने मला पाहिलं आणि कप भरून बशीत आणि बशी भरून सतरंजीवर चहा गेला.

"काय करून राहिले तुमी लेकराचं?" ती आबांवर ओरडली.

मी आरशात पाहिलं. कपाळ पिवळं, कान पिवळे, मान पिवळी, आणि भांगातून नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेला एक पिवळा ओघळ.

आता यात इतकं घाबरण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. तर आमच्यात हळद आधी नवरदेवाला लागते. त्याला लावून उरलेली ती उष्टी हळद. ती त्याच्याकडचे लोक ताटात झाकून आणतात आणि मग नवरीला लावतात. ती यायच्या आधी नवरीला दुसरी हळद लागू द्यायची नाही, अपशकुन होतो, असं जुनी माणसं मानतात. आणि आमच्याकडे उष्टी हळद घेऊन येणार होत्या आत्याबाई!

मायने मला मोरीत ओढलं. अंगाच्या साबणाने रंग हलेना, तेव्हा तिने धुण्याच्या साबणाची वडी घेतली आणि सतरंजी घासावी तसं माझं कपाळ घासलं. फेस लाल झाला. पाणी लाल झालं. साबण लागला की हळद लाल होते, हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण घाबरलेला माणूस ठाऊक असलेलंच आधी विसरतो. पुन्हा आरशात पाहिलं तर कपाळ तांबूस आणि भांग या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक, कुंकवाने भरल्यासारखा.

"ताई, तुझं तं लगन लागलं," शीतल म्हणाली.

हळद लागली होती, भांग भरला होता, आता फक्त नवरदेव यायचा राहिला होता. शीतलने धावत जाऊन लिंबू आणलं आणि चोळलं. लाल गेलं आणि पिवळं परत आलं. मायने चिडून पुन्हा साबण लावला, पुन्हा लाल झालं. हे असं दोनतीनदा झाल्यावर मायने दारात उभ्या असलेल्या आबांनाच विचारलं, की पोरगी लाल ठेवायची का पिवळी, काय ते एक सांगा. आबांनी खरोखर विचार केला.

"पिवळीच बरी," ते म्हणाले. "लाल म्हंजे लईच पुढचं झालं."

शीतलने तिच्या पेटीतली पावडर थापून पाहिली. मी बेसनात बुडवून तळायला विसरलेल्या मिरचीसारखी दिसायला लागले. तेवढ्यात फोन आला, जीप औंढ्याला पोचली म्हणून.

मग मायला सुचलं. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, तर पोरीवरचा काहून उडणार न्हाई? झालं! घरामागे बाज टाकली आणि एप्रिलच्या त्या उन्हात नवरीला केस मोकळे सोडून वाळत घातलं. पलीकडे वावरात शिजलेली हळद पसरली होती, अलीकडे मी. माय मधूनमधून येऊन मला या कुशीवरून त्या कुशीवर करत होती. ज्या उन्हापासून केस वाचवायला हा सगळा खटाटोप केला, त्याच उन्हात मी त्यांना आपणहून नेऊन घातलं होतं.

कपाळ बरंचसं निवळलं. कान आणि भांग राहिले. आणि केसांचं काय विचारता! धुण्याचा साबण, लिंबू आणि ऊन, तिघांनी मिळून त्यांच्यातला ओलावा असा काढून घेतला की इतके दिवस ते नुसते फुगायचे, त्या दिवशी हात लावला की कडकड वाजायला लागले. वेणी घातली तर ती पाठीवर पडेना, आडवीच राहिली.

फाट्यावरून जीपचा हॉर्न ऐकू आला. मायने माझ्या डोक्यावर पदर ओढला, हाताला लागतील तितक्या पिना खोचल्या आणि मला आतल्या खोलीत बसवलं. मला रडू कोसळलं. केसही गेले होते, रंगही गेला होता, आणि आबांचा शब्दही आता जाणार होता. आबा दारातून माझ्याकडे बघत होते. मग तडक वावराकडे निघून गेले.

परत आले तेव्हा मी ओळखलंच नाही. ते ड्रमाच्या पाण्यातलं उपरणं त्यांनी स्वतःच्या डोक्याला गुंडाळून घेतलं होतं. टक्कल पिवळं, कान पिवळे, मान पिवळी, मिशांची टोकंसुद्धा पिवळी.

"सीझन हाय," ते म्हणाले. "आमच्या घरात समदे असेच असत्यात म्हनून सांगू. तू रडू नको, बाई."

माय त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण ती बाहेर गेली, निवलेल्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवले, तेच तोंडावरून फिरवले आणि आली. तिच्या मागून शीतल आली, पार्लरवाली असूनही दोन्ही कान रंगवून. मला झाकता येत नाही म्हटल्यावर या माणसांनी स्वतःलाच पिवळं करून घेतलं होतं. मी रडता रडता हसायला लागले. लग्नात मला भांडी मिळाली, साड्या मिळाल्या, कपाट मिळालं. पण आजही कुणी विचारलं की माहेरून काय आणलंस, तर मला आधी तीन पिवळी माणसं आठवतात.

आत्याबाई हळदीचं ताट घेऊन जीपमधून उतरल्या. आबा हात जोडून पुढे झाले. आत्याबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"काय हो, कावीळ झाली का?"

"न्हाई, न्हाई. हळदीचा सीझन. आमी समदे असेच असतो."

आत्याबाईंनी मायकडे पाहिलं, शीतलकडे पाहिलं. "पन मागल्या खेपेला आमी आलो, तवाबी सीझनच होता. तवा न्हवते असे."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. खोटं बोलायची सवय नसली की माणसाकडे साठा फार नसतो. शेवटी ते म्हणाले, "तवा वारं होतं."

आत्याबाई आत आल्या, माझ्यासमोर पाट मांडून बसल्या आणि हळद लावायला त्यांनी माझा पदर जरासा मागे सारला. पिना पटापट उडाल्या. केस उसळून वर आले, आणि त्यांच्या मधोमध तो भांग, न धड लाल न धड पिवळा. आत्याबाई पोहे खाताना बघत होत्या तशाच माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या.

"आजबी वारं हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "माझे केसच असे हायत. आबांनी माझ्यापायी तसं सांगितलं." आणि मग मी थांबलेच नाही. दही, केळं, उपरणं, साबण, लिंबू, ऊन, सगळं रडत रडत सांगून टाकलं. माय दाराला धरून उभी होती. आबांनी मान खाली घातली होती.

"म्हंजे आधी हळद लागली ती कोनाची?" आत्याबाईंनी विचारलं.

"आबांची. आमच्या वावरातली."

आत्याबाई ताटावरचं फडकं काढत म्हणाल्या, "बापाच्या वावरातली, बापाच्या हातची. ती आधी लागली तं अपशकुन कसा व्हईल? आमची वरून लावू." आणि त्यांनी ओंजळभर हळद घेतली आणि माझं कपाळ, कान, मान, भांग, सगळं एका दमात लिंपून टाकलं. मी अशी पिवळीधमक झाले की सकाळचं पिवळं कुठलं आणि आताचं कुठलं, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ज्या दिवशी नवरीला पिवळं करायलाच माणसं येतात, त्या दिवशी आम्ही दुपारभर पिवळं काढत बसलो होतो!

मग त्यांनी आबांना बाहेर पाठवलं, दार लोटून घ्यायला सांगितलं, आणि आपल्या डोक्यावरचा पदर सोडला. आत माझेच केस होते. पांढरे, पण अगदी माझेच, वाट फुटेल तिकडे उभे!

"पोहे खाताना काहून बघून राहिले होते मी?" त्या म्हणाल्या. "म्हनलं, चला, आपल्यासारखी एक भेटली. इतकी वर्सं त्या घरात एकलीच हाय मी." आणि त्यांनी आपल्या पदराच्या पिना हातात घेतल्या आणि कुठे कशी खोचली की उन्हाळा निघतो, ते मला दाखवलं.

अल्बममधला पदर तो असा. मर्यादा वगैरे काही नाही.

पुढचे सगळे उन्हाळे आम्ही दोघी मिळून काढत आलो आहोत. दुपारी घरातली माणसं कामाला पांगली की दार लावतो, पदर सोडतो आणि एकमेकींच्या डोक्याला तेल चोळत बसतो. केस दोघींचेही सुधारलेले नाहीत, पण आता त्याची तकलीफ वाटत नाही. सासू नसलेल्या घरात मी गेले आणि सासूहून जास्त मिळालं, हे मी कुणालाही सांगेन. आणि होळी झाली की आबांचा फोन येतो. हळदीचं सांगतात, पाण्याचं सांगतात, आणि फोन ठेवता ठेवता विचारतात, तिकडं वारं कसं हाय?

परवा अल्बम बघता बघता एक पाहुणी माझ्यापाशी आली आणि एवढ्या उकाड्यात डोक्यावरचा पदर जरासुद्धा ढळू न देणं जमतं तरी कसं, म्हणून विचारायला लागली. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं. अंगणातल्या कडुलिंबाचं एक पान हलत नव्हतं.

मी मान खाली घातली आणि म्हणाले, "काय करावं, आमच्याकडं वारंच लई असतं."